इंटेलिजंट ऑक्टोपस गो: घरी रात्री गाडी चार्ज करायची पद्धत, लिमिटचं गणित आणि माझं मत

यूकेमधे घरासमोर स्वतःचा ड्राइव्हवे असेल, भिंतीवर चार्जर लावता येत असेल आणि इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं डोक्यात असेल तर माझं सांगणं एवढंच की गाडीचं मॉडेल ठरवायला जेवढे शनिवार रविवार घालवताय त्यातला एक तरी रविवार वीज कुठल्या टॅरिफवर, म्हणजे दराच्या कुठल्या योजनेवर, घ्यायची याला द्या. कारण गाडी घेताना जे पैसे जातात ते जातातच, पण महिन्याला किती जातात ते सगळं या एका गोष्टीवर आहे. आम्ही रेडिंगला राहतो, गाडी टेस्ला मॉडेल वाय लाँग रेंज, घरी ७ किलोवॅटचा चार्जर आणि वीज ऑक्टोपस एनर्जीची, टॅरिफचं नाव इंटेलिजंट ऑक्टोपस गो. मंडळात गणपतीला भेटलं की कोणी ना कोणी हेच विचारतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी पैसे, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. मी हे लिहितोय तेव्हा आमच्या भागात रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच युनिटला ७ पेन्स आणि दिवसा साधारण २८ पेन्सच्या आसपास आहे. दर भागाप्रमाणे थोडे बदलतात आणि अधूनमधून वरखाली होतात हे धरून चाला. आता गाडीत ४० युनिट भरायचेत असं समजा. रात्री भरले तर २ पाउंड ८० पेन्स, तेच दिवसा भरले तर ११ पाउंड २० पेन्स, आणि तेच मोटरवेच्या सर्व्हिसेसवर ७९ पेन्सवाल्या रॅपिड चार्जरवर भरले तर ३१ पाउंड ६० पेन्स. वीज तीच, गाडी तीच. बाहेरच्या चार्जिंगवर व्हॅट २० टक्के लागतो आणि घरच्या विजेवर ५ टक्के, म्हणजे तिथूनच घरचं पारडं जड. माझं ऑफिस ब्रिस्टलला, एका बाजूने जवळपास ८० मैल, आणि आठवड्यातून दोनदा जावं लागतं, त्यामुळे हा फरक मला बँक स्टेटमेंटमधे दिसतो, नुसत्या जाहिरातीत नाही.

आता हे चालतं कसं. बाकी टॅरिफमधे तुम्ही वेळ लावता, अमुक वाजता सुरू अमुक वाजता बंद. इथे वेळ लावायचीच नाही. ऑक्टोपसच्या अॅपमधे दोनच गोष्टी सांगायच्या, गाडी किती टक्के पाहिजे आणि सकाळी किती वाजेपर्यंत पाहिजे. मी ८० टक्के आणि सकाळी ७ असं ठेवलंय. संध्याकाळी घरी आलो की प्लग लावायचा आणि विसरायचं. मग त्यांची सिस्टिम बघते की गाडीत आत्ता किती आहे, किती भरायचंय, त्याला किती तास लागतील, आणि ग्रिडवर वीज कधी स्वस्त आणि भरपूर आहे, त्याप्रमाणे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून गाडी चालू बंद करते. त्यामुळे कधी गाडी १२ ते ३ चार्ज होते, कधी साडेअकरा ते १ आणि मग परत ४ ते साडेपाच, आणि कधी जोराचा वारा सुटलेला असेल तर संध्याकाळी ८ लाच एखादा तुकडा येतो. आणि इथे मला ही योजना मनापासून आवडते, माझ्या टॅरिफमधे तो साडेअकराच्या आधीचा तुकडा पण स्वस्त दरानेच धरतात आणि नुसता गाडीसाठी नाही तर तेवढा वेळ अख्ख्या घरासाठी.

कंपनीला यात काय मिळतं असं माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि प्रश्न अगदी बरोबर होता. या देशात शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ ऑन सोर, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. पवनचक्क्यांची वीज रात्री पण येत राहते आणि तेव्हा वापरणारे झोपलेले असतात, कधीकधी घाऊक बाजारात विजेचा भाव शून्याच्या खाली जातो. अशा वेळी हजारो गाड्या प्लगला लागलेल्या असतील आणि त्या कधी भरायच्या ते कंपनीच्या हातात असेल तर ती त्या वेळी वीज घेते आणि महागाच्या वेळी थांबते. म्हणजे तुम्ही त्यांना गाडी कधी भरायची याचा हक्क देताय आणि त्याच्या बदल्यात स्वस्त दर घेताय. हा सरळ व्यवहार आहे आणि मला तो पटतो.

ज्यांना असा हक्क द्यायचा नाहीये त्यांच्यासाठी साधं ऑक्टोपस गो आहे. त्यात रात्री साडेबारा ते साडेपाच असे पाच तास ठरलेले, दर थोडा जास्त, पण गाडी किंवा चार्जर त्यांच्या यादीत असायची गरज नाही, स्मार्ट मीटर असला की झालं. चार्जरच नाहीये आणि तीन पिनच्या सॉकेटवरच भरताय, म्हणजे ती ग्रॅनी केबल, तर तासाला २.३ युनिटच जातात, पाच तासांत साडेअकरा. चाळीसेक मैल झाले. रोज दहा बारा मैलच गाडी फिरत असेल तर तेवढं खरंच पुरतं, उगाच हजार पाउंड चार्जरला घालू नका. तिसरं एजाइल, त्यात दर अर्ध्या तासाला भाव बदलतो आणि उद्याचे भाव आज दुपारी चारच्या सुमाराला कळतात. ते ज्याला रोज आकडे बघायची आवड आहे त्याचं काम. घरात दोन मुलं, दोन नोकऱ्या असताना मला ते झेपणारं नाही आणि ज्यांना झेपतं त्यांचं कौतुक आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. वेळापत्रक लावायच्या जागा तीन आहेत. गाडीच्या अॅपमधे शेड्यूल लावता येतं, चार्जरच्या अॅपमधे लावता येतं आणि वीज कंपनीच्या अॅपमधे पण लागतं. तिन्हीपैकी एकाच ठिकाणी लावायचं, बाकीच्या दोन ठिकाणी पूर्ण मोकळं सोडायचं. हे वाचायला इतकं सोपं वाटतं पण मला फोन येतात त्यातले बहुतेक याच कारणाने येतात. आमच्या ओळखीतल्या एका काकांची गाडी दर दोन दिवसांनी सकाळी अर्धवट भरलेली असायची, त्यांनी गाडीत रात्री १ ते ५ लावलं होतं, चार्जरमधे इन्स्टॉल करणाऱ्या माणसाने साडेबारा ते साडेचार लावून ठेवलं होतं आणि वर ऑक्टोपस साडेअकरापासून तुकडे पाठवत होतं. चार्जर हो म्हणतोय तेव्हा गाडी नाही म्हणतेय, गाडी तयार आहे तेव्हा चार्जरने तोंड फिरवलेलं. तिन्ही ठिकाणी हो असेल तेवढीच वेळ खरी, आणि ती काही रात्री दोन अडीच तासच उरायची. दोन शेड्यूल काढून टाकली आणि त्याच रात्री गाडी व्यवस्थित भरली.

तर वेळ एकाच्या हातात. पण लिमिट, म्हणजे किती टक्क्यांना थांबायचं, ते माझ्या मते गाडीच्याच हातात ठेवावं. बॅटरी गाडीत आहे, तिची खरी टक्केवारी गाडीलाच माहिती आहे, बाहेरचं अॅप बंद पडलं, वायफाय गेलं, कंपनीचा सर्व्हर बसला तरी गाडी स्वतःच्या लिमिटला थांबणारच. टेस्लाच्या अॅपमधे स्लायडर आहे, ५० पासून १०० पर्यंत, माझा रोजचा ८० वर असतो. ऑक्टोपसमधला आकडा त्या लिमिटच्या बरोबरीचा किंवा खाली ठेवायचा. गाडीत ८० आणि ऑक्टोपसमधे ९० असं ठेवलं तर सिस्टिम तो ९० गाठायला तुकडे आखत राहते आणि गाडी ८० ला हात वर करते, प्लॅनमधे उगाच गोंधळ दिसतो.

चार्जरच्या मार्गाने ऑक्टोपसला जोडलं असेल तर आणखी एक अडचण आहे ती आधीच समजून घ्या. जोडणी दोन प्रकारे होते, एकतर गाडी थेट त्यांच्या सिस्टिमला जोडायची किंवा चार्जर जोडायचा. गाडी थेट जोडली तर तिच्यात किती चार्ज आहे हे त्यांना दिसतं. चार्जर जोडला तर बऱ्याच वेळा दिसत नाही, कारण घरच्या म्हणजे एसी चार्जिंगमधे टाइप टू नावाच्या केबलमधून गाडी आपली टक्केवारी चार्जरला सांगतच नाही, चार्जर फक्त किती करंट मिळू शकतो ते सांगतो आणि गाडी तेवढा किंवा त्यापेक्षा कमी घेते. मग अशा वेळी तुम्हालाच सांगावं लागतं की आज अमुक टक्के वाढवायचेत. रोज साधारण तेवढंच फिरणाऱ्या माणसाला चालून जातं, पण माझ्यासारखं एक दिवस १६० मैल आणि दोन दिवस गाडी जागची हलली नाही असं असेल तर थेट गाडी जोडणं फार सोयीचं. गाडी घ्यायच्या आधी ती त्यांच्या यादीत आहे का ते बघून घ्या, मला तरी हे सीटच्या लेदरपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आता ८० टक्के का, आणि सगळ्यांनीच ८० का नाही. बॅटरीत मुख्य दोन प्रकार सध्या चालतात. एक एनएमसी, निकेल मँगनीज कोबाल्टवाली, माझ्या गाडीत ती आहे. हिला भरलेल्या अवस्थेत पडून राहायला आवडत नाही, त्यात गरम हवा असेल तर आणखीनच नाही, म्हणून रोज ८० आणि लांब जायचं असेल त्या दिवशी १००. दुसरी एलएफपी, लोह आणि फॉस्फेटवाली, मॉडेल वाय रिअर व्हीलमधे आणि एमजी फोरच्या ५१ युनिटवाल्या स्टँडर्ड रेंजमधे ती येते. तिचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, म्हणजे ४० टक्क्याला आणि ७० टक्क्याला व्होल्टेजमधे फारसा फरकच नाही, त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरला आत नक्की किती आहे याचा अंदाज हळूहळू चुकायला लागतो. वर टोकाला गेल्यावरच व्होल्टेज एकदम चढतं आणि तेव्हा त्याला कळतं की आता १०० झाले. म्हणून टेस्ला स्वतःच अशा गाड्यांना सांगते की आठवड्यातून निदान एकदा १०० पर्यंत भरा. माझ्या बायकोच्या मैत्रिणीकडे एलएफपीवाली एमजी फोर आहे आणि कुठेतरी व्हिडिओ बघून ती काटेकोरपणे ८० वर थांबायची, महिनेच्या महिने. तिला सांगितलं की तुझ्या बॅटरीसाठी हा नियमच नाहीये, दर रविवारी रात्री १०० कर. म्हणून आधी आपल्या गाडीत कुठली बॅटरी आहे ते शोधा मग लिमिट ठरवा, दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

आणि एनएमसीवाल्यांनाही सांगतो, ८० ची भीती धरून बसू नका. उद्या बर्मिंगहॅमला लग्न आहे, परत यायला रात्र होणार, गाडीत मागे आई बाबा बसलेत, तर रात्री लिमिट १०० करा आणि सकाळी निघा. १०० झाल्यावर दोन चार तासांत निघालात की काही बिघडत नाही, आठवडाभर १०० वर उभी ठेवणं वेगळं. फक्त १०० टक्क्यांवर निघाल्यावर पहिले काही मैल रीजन ब्रेकिंग, म्हणजे पाय सोडला की गाडी हळू होत वीज परत बॅटरीत भरते ते, कमी लागतं कारण परत येणारी वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते, पाय सोडल्यावर गाडी नेहमीसारखी थांबत नाही. बायको चालवणार असेल किंवा कोणी नवीन माणूस, तर निघायच्या आधी एवढं सांगून ठेवा.

काही गाड्यांमधे लिमिटची सोयच नाहीये. निसान लीफ ४० घ्या, सेकंडहँडमधे आपली खूप मंडळी तीच घेतात कारण स्वस्त पडते, तिच्यात ८० ला थांब असं सांगायची सोय नाही. मग चार्जरच्या किंवा टॅरिफच्या अॅपमधून किती भरायचं ते ठरवायचं. ४० युनिटची बॅटरी, ७ किलोवॅटचा चार्जर, जाताना दहाएक टक्के वीज वाया जाते ते धरलं तर तासाला साधारण १५ ते १६ टक्के चढतात, ३० वरून ८० ला तीन सव्वातीन तास. एकदा हा आकडा आपल्या गाडीसाठी काढून ठेवला की झालं.

थंडीबद्दल. हिवाळ्यात या टॅरिफची एक बाजू मला कमी पडते ती म्हणजे गाडी नेमकी कधी भरून होईल हे तुमच्या हातात नसतं. बॅटरी चार्ज होत असताना थोडी गरम होते, त्यामुळे निघायच्या जरा आधी चार्जिंग संपलं तर गाडी उबदार निघते आणि रेंज चांगली मिळते. पण सिस्टिमने गाडी रात्री २ लाच भरून टाकली आणि बाहेर उणे ३ असेल तर सकाळी ७ ला बॅटरी परत गार पडलेली, अॅपमधे बॅटरीच्या चित्रात निळा भाग दिसतो. मग निघायच्या वीस पंचवीस मिनिटं आधी प्रीकंडिशनिंग, म्हणजे गाडी आणि बॅटरी आधीच गरम करून ठेवणं, लावतो, प्लग लागलेलाच ठेवून, म्हणजे आतली उष्णता बॅटरीतून न जाता घरच्या विजेवर होते. ती वेळ साडेपाचच्या नंतरची असल्याने दिवसाच्या दराने पडते, दोनेक युनिट म्हणजे ५५ ६० पेन्स, आणि मला ते अजिबात महाग वाटत नाही. काच खरवडायची नाही, मुलांचे हात गार नाहीत, आणि एम फोर मोटरवेवर मेंबरी सर्व्हिसेसला चार्जिंगसाठी थांबायची गरज पडत नाही. टेस्लामधे आता चार्जिंगचं शेड्यूल आणि प्रीकंडिशनिंगचं शेड्यूल वेगवेगळं लावता येतं, त्यामुळे चार्जिंगचं रिकामं ठेवून फक्त गरम करायचं लावायचं, दोन्ही एकमेकांच्या मधे येत नाहीत.

एक प्रश्न नवीन चार्जरवाल्यांचा हमखास येतो, अॅपमधे आत्ता सुरू कर दाबलं आणि काहीच होत नाहीये, चार्जर बिघडला का. बिघडलेला नसतो. ३० जून २०२२ पासून इथे घरच्या चार्जरसाठी स्मार्ट चार्जिंगचे नियम लागू झाले, त्यात चार्जर मुळातच महागाच्या वेळा टाळून लावलेला असला पाहिजे, म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते १०, आणि शिवाय शेड्यूल सुरू होताना प्रत्येक चार्जर १० मिनिटांपर्यंत कुठलातरी वेगवेगळा उशीर करतो. कारण साधं आहे, अर्ध्या देशातल्या गाड्या एकाच सेकंदाला चालू झाल्या तर ग्रिडला हिसका बसेल. घाई असेल तर हे दोन्ही तुम्हाला बाजूला सारता येतं, पण रोजच्या वापरात जरा थांबा, आपोआप सुरू होतं.

तक्रारी नाहीत असं नाही. आमचा पहिला चार्जर, कंपनीचं नाव इथे घेत नाही, त्याचं अॅप एका अपडेटनंतर वायफायवरून सारखं सुटायला लागलं आणि कनेक्शन नसलं की तो प्लग लावल्या लावल्या पूर्ण ताकदीने चालू व्हायचा, म्हणजे संध्याकाळी ६ ला, दिवसाच्या दराने. सपोर्टला मेल केला की राउटर रीस्टार्ट करा हेच उत्तर. शेवटी गॅरेजमधे वायफायचा छोटा एक्स्टेंडर लावला तेव्हा जरा शांत झालं, आणि पुढे मी वेळ ठरवायचं काम चार्जरकडून काढून गाडी थेट जोडली. चार्जर निवडताना माझं मत, दिसायला कसा आहे ते सोडा, इंटरनेट नसताना तो काय करतो ते विचारा. थांबून राहतो की भरत सुटतो. विकणाऱ्याला याचं उत्तर देता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा.

टॅरिफची मर्यादा म्हणाल तर सकाळी तयार असण्याची वेळ ४ ते ११ यामधलीच निवडता येते. त्यामुळे एनएचएसमधे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नाइट शिफ्ट करणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीला हे टॅरिफ जमलंच नाही, तिची गाडी स्वस्ताच्या वेळी हॉस्पिटलच्या पार्किंगला आणि दिवसा घरी. दिवसा तुकडे येतात कधीकधी, पण त्यावर घर चालवता येत नाही. तिने साधं एका दराचं टॅरिफच ठेवलं आणि ते बरोबरच केलं. दुसरं म्हणजे अचानक निघायचं झालं तर बूस्ट दाबून लगेच भरता येतं पण ते साडेअकरा ते साडेपाचच्या बाहेर असेल तर पूर्ण दराने. म्हणून मी गाडी २० २५ टक्क्यांपर्यंत खाली नेतच नाही, घरी आलो की प्लग, मग भरायची गरज असो नसो. प्लग लावलेला असला की सिस्टिमला निवडायला जास्त वेळ मिळतो आणि तुम्हाला हाताशी कायम शंभर दीडशे मैल असतात. तिसरं, नियम आणि दर बदलत राहतात, त्यामुळे साइन अप करताना त्या दिवशीचा टॅरिफचा कागद नीट वाचा, माझ्या किंवा कोणाच्याही जुन्या अनुभवावर जाऊ नका.

घराचं सांगायचं राहिलं. स्वस्ताची वेळ अख्ख्या घराला असल्यामुळे आमचा डिशवॉशर आणि वॉशिंग मशीन टायमरवर पहाटे ४ ला लागतं. टम्बल ड्रायर मात्र रात्री लावत नाही, सगळे झोपलेले असताना तो चालवू नये असं इथले फायर ब्रिगेडवाले सांगतात आणि चार पेन्ससाठी तो धोका कोण घेईल. दिवसाचा दर साध्या टॅरिफपेक्षा थोडा जास्त असू शकतो, म्हणून ज्यांचं घर दिवसभर विजेवर चालतं आणि गाडी महिन्याला दोनशे मैलच फिरते त्यांनी आधी मागच्या बिलावरून गणित करावं. आमच्यासारखं गाडीला महिन्याला अडीचशे तीनशे युनिट जात असतील तर विचारायलाच नको.

माझा मामेभाऊ नाशिकला असतो, त्याने नेक्सॉन ईव्ही घेतली आणि फोन केला, दादा तू रात्री लावतोस मग मी पण रात्रीच लावतो ना. मी त्याला म्हटलं थांब, तुझ्याकडे गणित उलटं आहे. महावितरणने १ जुलै २०२५ पासून टीओडी म्हणजे वेळेप्रमाणे वापर मोजणारा स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू केली, कारण तिकडे दुपारी सोलरची वीज भरपूर असते. इथे रात्रीचा वारा, तिथे दुपारचं ऊन. तो घरूनच काम करतो, १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट जातात, म्हणजे ९ ते ५ मधे २४ युनिट आरामात, त्याच्या रोजच्या फिरण्याला भरपूर झाले. त्याची बॅटरी एलएफपी, त्यामुळे अधूनमधून १०० करायला त्याला काळजी नाही, फक्त मे महिन्यात भर उन्हात उभी करून १०० वर ठेवू नको, सावलीत घे असं सांगितलं. त्याला जपायचं आहे ते स्लॅबकडे. १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे असतात, घराचा वापर आधीच २५० असेल तर गाडीचे बहुतेक युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि तो दर बराच चढा असतो, ८० पैशांची सवलत त्यापुढे छोटी वाटते. म्हणून त्याला छतावर सोलर बघ म्हटलं, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, आणि त्याचं गच्चीचं घर असल्यामुळे त्याला ते जमण्यासारखं आहे.

शेवटचं, भारतात जाताना काय करायचं, कारण हे दर डिसेंबरला विचारतात. चार पाच आठवडे गाडी उभी राहणार असेल तर एनएमसीवाल्यांनी लिमिट ५० ते ६० वर आणा, निघायच्या आदल्या दोन दिवसांत ती तेवढ्यावर येईल असं बघा. सेन्ट्री मोड, म्हणजे कॅमेऱ्यांनी गाडीवर पहारा ठेवायची सोय, घरी असताना बंद, तो चालू ठेवला तर रोज थोडी थोडी वीज खात राहतो. ऑक्टोपसमधला आकडा पण तेवढाच खाली आणा नाहीतर तो रोज रात्री ८० गाठायचा प्रयत्न करेल. प्लग लावलेला ठेवला तरी चालतो, टेस्ला तर तसंच सांगते, गाडी लिमिटच्या खाली गेली की स्वतः थोडी भरून घेते. आणि पुण्यातून सारखं अॅप उघडून बघू नका, दर वेळी गाडी झोपेतून जागी होते आणि वीज जाते. परतीच्या विमानात बसायच्या आधी मुंबई एअरपोर्टवरून गाडीचं लिमिट आणि ऑक्टोपसमधला आकडा दोन्ही परत ८० करून टाका, हीथ्रोला उतरून घरी पोचेपर्यंत मधे एक रात्र गेली असेल तर गाडी ७ पेन्सने भरून तयार असते.